सोडलेली सीट

आयुष्यात मी केतकीच्या पुढे एकदाच गेलो, आणि तेही मला झेपलं नाही.

केतकी म्हणजे अकोल्याची माझी मावसबहीण. माझ्याहून चार महिन्यांनी लहान. ती माझ्याआधी चालली, माझ्याआधी बोलली, सायकलही आधी शिकली (आणि मग मला शिकवायला अमरावतीला आली!). तर अशा केतकीला एमबीएच्या सीईटीत माझ्या अठ्ठ्याऐंशीपेक्षा अर्धा पर्सेंटाइल कमी पडला. पहिल्याच फेरीत मला पुण्याच्या चांगल्या कॉलेजात सीट मिळाली, तिला नाही. आईने पेढे वाटले. अमरावतीत एक किलो, अकोल्यात दोन!

तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. आई नुसती "हो काय? हो काय?" करत होती आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा अजून उतरत होता.

"केतकी वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देते म्हणे," फोन ठेवत ती म्हणाली. "नव्व्याण्णव पाडते म्हणे!"

आता ही राज्यातल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजात जाणार आणि जन्मभर प्रत्येक लग्नात लोक मला 'केतकीचा भाऊ' म्हणून ओळखणार! मत्सर वगैरे सभ्य शब्द राहू द्या, मी सरळ जळत होतो.

"मी बी पुन्हा देतो," मी जाहीर केलं.

बाबा वकील. पेपर खाली करून म्हणाले, "निकाल आपल्या बाजूनं लागला, अन् तू अपील करून राहिला? काहून?"

"अठ्ठ्याऐंशीत काय ठेवलं आहे, बाबा?"

"कालपर्यंत तर कॉलनीभर सांगत फिरून राहिला होता!"

"तुमी गप बसा न," आई मध्ये पडली. "तिची केतकी नव्व्याण्णव पाडीन, अन् माह्या पोरानं अठ्ठ्याऐंशीवर बसावं काय?"

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको," बाबांनी मला बजावलं. "सीट गेली तर वर्ष गेलं."

दोन दिवस मी कसाबसा शहाणा राहिलो. मग केतकीचं स्टेटस दिसलं. टेबल, आणि टेबलावर सीईटीच्या पुस्तकांची ही एवढी थप्पी! म्हणजे बाईसाहेब अभ्यासाला बसल्यासुद्धा! प्रवेश रद्द करायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. मी चार पन्नासला बटण दाबलं आणि तिला मेसेज टाकला, "मीपण पुन्हा देतोय. तयार राहा!"

"काय सांगतो! खरंच सोडली??" तिचं उत्तर आलं. (घाबरली, असं समजून मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.)

पुढच्या फेरीची यादी लागली. केतकीला पुण्याचं कॉलेज मिळालं होतं. कोणतं? माझं! रिकामी झालेली सीट यादीतल्या पुढच्या नावाला गेली होती आणि ते पुढचं नाव तिचं होतं.

बडनेरा स्टेशनवरून गाडी धरून आम्ही तिघे अभिनंदनाला अकोल्याला गेलो. मावशीने पेढ्यांचा मोठा डबा पुढे केला. आईने एक पेढा उचलला आणि तो औषधासारखा गिळला.

"तू तर वर्षभर थांबणार होती न व?" मी केतकीला विचारलं.

"ते त्या दिवशी रागात बोलली होती, दादा. दुसऱ्याच दिवशी पुढच्या फेरीचा फॉर्म भरला."

"अन् पुस्तकांचा फोटो?"

"विकायची होती न पुस्तकं! खाली लिहिलं होतं, 'कोणाले पाहिजे काय?' वाचलं नाई तुनं?"

(उतारा वाचून उत्तरं द्या, या प्रश्नात माझे मार्क काहून गेले, ते मला तेव्हा कळलं.)

"घेऊन जाय बाबू," मावशी म्हणाली, "तिले आता काय कामाची?" परतीच्या गाडीत ती सगळी थप्पी माझ्या मांडीवर होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हसून हलत होते.

आता दर रविवारी केतकीचा पुण्याहून फोन येतो. "अभ्यास कुठवर आला?" परवा विचारत होती, "पहिली पसंती कोणत्या कॉलेजले देणार?"

"ठरलं नाई अजून," मी म्हणालो.

साफ खोटं. पहिली पसंती तेच कॉलेज आहे. तिथे पोचलो तर केतकी माझी सिनियर असेल. नाही पोचलो, तरी असेलच!