न लागणारे अंगठे

बोंडअळीच्या त्या वर्षांत घाटंजीच्या ऑनलाइन सेंटरवरचा तो माणूस म्हाताऱ्यांच्या अंगठ्याला खोबरेल चोळूनच मशीनवर ठेवायचा. कापूस वेचून झिजलेले अंगठे तरीही लागत नसत. "मावशे, तुहा अंगठा सरकारवर रुसला वं," म्हणून तो हसवायचा. माझ्या आईची निराधारची पेन्शन त्यापायीच अडकली होती.

एक दिवस पेन्शन आली आणि आठवड्यानं पोलीस आले. सेंटरवरच्या त्या माणसानं सरकारी सिस्टिम हॅक करून नामंजूर अंगठे मंजूर केले होते.

"काहून केलं बाप्पा?" त्याला जीपमध्ये बसवताना मी विचारलं.

"म्हाताऱ्या तं खऱ्याच होत्या ना, भाऊ."

त्याला चोर म्हणावं का, मला अजूनही कळत नाही.

पोलिसांच्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही शिकलेले दिसता. आईचा अंगठा मशीनवर लागला होता?"

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. "लागला होता," म्हणालो.