भावाचं सुतक पाळणारा खुनी

ती केस आठवली की आजही हातातला चहा खाली ठेवावा लागतो.

बोईसर-तारापूर पट्ट्यात मी तेव्हा तपास अधिकारी होतो. चिंचणीच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात सकाळी दहाच्या सुमारास सुरूच्या बनात एका बोटमालकाचं प्रेत सापडलं. डोक्यात जबर मार, मृत्यू आदल्या संध्याकाळचा. तो वाणगावला बहिणीकडे गेला असेल, असं घरच्यांना वाटलं होतं. त्याच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराशी त्याच संध्याकाळी त्याचं पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. झालं! दुपारच्या आत मी त्या कामगाराला उचलला, दोन कानाखाली ठेवून दिल्या आणि रिमांडचे कागद करायला बसलो. तो एकच घोकत होता, "साहब, मैंने कुछ नहीं किया."

तेवढ्यात मासळी विकणारी एक म्हातारी ठाण्यात आली. टोपली दारात ठेवून म्हणाली, "सायेब, पहाटे गावातल्या सगल्या बोटी गेल्या. मेलेल्याचीच बोट किनाऱ्याला का व्हती?"

"असेल काही बिघाड."

"बिघाड कसला! आमच्यात घरात मयत झाला की त्या घरची बोट सुटत नाय. पन मयत तर दहाला कलला ना?"

मी पेन खाली ठेवलं. ती बोट चालवायचा मृताचा धाकटा भाऊ. पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला होता. त्याला बोलावलं, चहा दिला आणि सहज विचारलं, "आज बोट का नाही काढलीस रे?"

"काय सायेब! घरात मयत, नि दर्याला कसा जाऊ?"

"बोटी पहाटे सुटल्या. मयत कळलं दहाला."

कप त्याच्या हातातच राहिला. मग तो बोलला. "बोट इकायला काढलेली त्यान. आमच्या बापाची बोट! बापाला इकतो तो भाऊ कसला? वल्हा घातला डोक्यात. पन मी पाप नाय केला सायेब. सुतक पालला मी."

बाप रे! मी सुन्न झालो. भावाला मारून हा गडी घरी गेला, जेवला, आणि पहाटे नियमानं बोट बांधून ठेवली!

माझ्या टेबलाच्या खणात नेहमी एखादी रहस्यकथा असायची. त्यातले खुनी शेवटी "माझा नाइलाज होता" म्हणून लांबलचक भाषण ठोकतात. लेखक काहीही लिहितात, म्हणून मी हसायचो. ते हसू त्या दिवशी गेलं. हा तर खोटंही बोलत नव्हता. स्वतःच्या मनात तो खरोखरच चांगला भाऊ होता.

त्यानं दाखवलेलं वल्हं पंचांसमोर जप्त झालं. मग मी कामगाराला कोठडीबाहेर काढला. गाल सुजलेला होता. त्यानं एवढंच विचारलं, "साहब, मारा क्यों?"

कारणं माझ्याकडे तयारच होती. भांडण झालं होतं, माणूस बाहेरचा होता, वरून फोन येत होते. पहिलं कारण ओठांवर आलं आणि मला त्या धाकट्याचा आवाज ऐकू आला, "पन मी पाप नाय केला सायेब." मी तोंड मिटलं आणि त्या कामगारापुढे हात जोडले.