वहिनीच्या नावची बंदूक

भावकीतल्या त्या बंदुकीचा अर्ज माझ्या हातचा आहे, याची मला आजही किळस येते. मी लोणावळ्यात शाळामास्तर, अक्षर चांगलं, म्हणून लोहगडवाडीच्या भावकीने मलाच लिहायला बसवलं.

बंदूक चुलत्यांची. भातात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांना शेतीसाठी परवाना मिळाला होता. ते वारले. मुलगा एकच, माझा चुलतभाऊ. पण त्याने जळणातल्या लाकडाने वहिनीचा हात मोडला होता, भर अंगणात, सगळ्यांदेखत. त्यात त्याला शिक्षा झाली. मारहाणीत शिक्षा भोगून आलेल्याला पुढची पाच वर्षं शस्त्र ठेवता येत नाही. भाऊ सुटून आला, मुलींपायी वहिनीही नांदायला परत आली, आणि भावकीला काळजी कसली, तर घरातली बंदूक जाणार याची!

तोडगा चहा संपायच्या आत निघाला. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं की आम्ही बायकोला उभी करतो आणि खुर्चीत नवरा बसतो. इथंही तेच. परवाना बायकोच्या नावाने मागायचा. जिचा हात मोडला तिच्याच! कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. उलट 'घरातील वातावरण सलोख्याचे आहे' हे वाक्य मी पदरचं घातलं आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. वाकड्या जुळलेल्या हाताने तिने सही केली. तो हात मला दिसत होता.

परवाना झाला. खंडेनवमीला भावाने बंदूक पाटावर मांडून वहिनीला तिच्यावर हळदकुंकू वाहायला लावलं. एरवी आमटीत मीठ कमी पडलं की तो नुसता भिंतीवरच्या बंदुकीकडे बघत बसायचा. हे त्याच्या थोरल्या मुलीने मला सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि घरी आलो. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

मग निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. वहिनीने बंदूक गोधडीत गुंडाळली आणि स्वतः जमा करून आली. निकालानंतर बाकीच्यांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. वहिनी गेलीच नाही. भाऊ गेला, तर त्याला दारातूनच पिटाळलं. परवाना जिच्या नावावर तिलाच बंदूक मिळेल, आणि शिक्षा झालेल्याच्या हातात तर मुळीच नाही, असं ऐकवलं.

भावकी पुन्हा माझ्याकडे आली. वहिनीला समजाव म्हणाली. मीही लाज गुंडाळून गेलो.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझं सगळं बोलणं तिने शांतपणे ऐकलं.

"भाऊजी, पयला अर्ज तुमीच लिवला न्हवं? आता दुसरा लिवा. मला बंदूक नगं, सरकारातच ऱ्हाऊ द्या."

मी पेन काढलं. कारण काय लिहू, असं तिलाच विचारलं.

"मागं घरातलं वातावरण लिवलं व्हतं न्हवं," ती सुपावरची नजर न उचलता म्हणाली, "तेच लिवा. ह्या टायमाला खरं."