पट्टे, बेरिंग आणि नानाजींची झोप

भंगार आणि किस्से आणायला कोणी जात नाही, आपोआप साठतात! आमच्या खामगावच्या दुकानात दोन्हींचा ढीग होता. भंगार विकलं गेलं, किस्से माझ्याजवळ राहिले. चहा मागवा, म्हणजे सांगतो.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. कापसातली सरकी काढणारी जिनं, तेलाच्या गिरण्या यांना लागेल तो माल आमची कंपनी पुरवायची. पट्टे, बेरिंग, नटबोल्ट, इंजिनाचे सुटे भाग. मालक नानाजी. अंगानं धिप्पाड, आवाज भोंग्यासारखा. मी देऊळगाव राजाहून येऊन काउंटरला लागलो, तर आल्या आल्या त्यांनी दम दिला, "गिऱ्हाइकाले 'नाही' म्हनायचं नाही. माल नसला तं 'पाह्यतो' म्हन, अन् खरंच पाह्य!"

त्याच दुपारी नानाजी गादीवर आडवे झाले. आजूबाजूला जिनांची धडधड अशी, की काउंटरवरची कपबशी थरथरायची. नानाजी मात्र खुशाल घोरत होते! एकाएकी डोळे उघडले.

"नाल्याकडचं जिन थांबलं. पट्टा काढून ठेव."

एवढ्या गोंगाटात मला काहीच कळलं नव्हतं. मी पट्टा काढतोय तोच एक माणूस धापा टाकत आत आला. तो तोंड उघडायच्या आत मी पट्टा त्याच्या हातात दिला. बिचारा माझ्या पाया पडायला निघाला! मी म्हटलं, "मी नाही बाबा, ते पाहा तिकडं." नानाजी पुन्हा घोरायला लागले होते.

* * *

धाडच्या एक मावशी एसटीनं यायच्या. भाजीपाल्याचं शेत, विहिरीवर इंजिन. एकदा टोपलीत वांग्यांखाली इंजिनाचा मोडका भाग घेऊन आल्या. "पाण्याबिगर वांगे सुकून राह्यले नानाजी, काई तरी करा!"

तो भाग दुकानात नव्हता. "पाह्यतो," म्हणून नानाजी उठले, घरच्या मळ्यात गेले, स्वतःच्या इंजिनाचा तोच भाग खोलून आणला आणि मावशींच्या टोपलीत ठेवला! काकू, म्हणजे नानाजींच्या मंडळी, अशा तापल्या! "अन् आपल्या वांग्याईचं काय?"

"आपन मावशीपासून इकत घेऊ!"

* * *

थोरल्या मुलाचं लग्न निघालं, तेही ऐन हंगामात. वरात रस्त्यात, बँड जोरात, आणि एक तेलगिरणीवाला आडवा आला. "बेरिंग गेलं नानाजी, गिरणी बंद!" गोडाऊन मुलाच्या ताब्यात असायचं, त्यामुळे किल्ली नवरदेवाच्या कमरेला! नानाजींनी लगाम धरून घोडाच वळवला. मुलीचे वडील घाबरले.

"अहो, नवरदेव कुठं चालला?"

"डिलिव्हरीले!"

बँडवाल्यांना कोणी काही सांगितलं नाही. ते बिचारे गोडाऊनपर्यंत वाजवत आले.

* * *

मुंबईहून पट्टे बनवणाऱ्या कंपनीचा साहेब आला. टाय, बॅग, सगळा थाट. "शेठ, तुमची जाहिरात कुठंच दिसली नाही?"

नानाजींनी त्याला दारात नेलं. "काई आयकू येते?"

"मशीनचा आवाज येतोय."

"हेच!"

सगळं गाव धडधडत होतं, आणि त्यात आमचे पट्टे फिरत होते. अंगावर काटा आला हो!

* * *

मग एका हंगामात नानाजींना ताप भरला. काही केल्या उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. माणूस अर्धा झाला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं. "आज झोप लागली तर नानाजी आपले. नाही तर माझ्या हातात काही नाही. हा गोंगाट थांबला तर बरं."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. मी जिनांकडे धावलो. धावताना मनात हेच, की दारात कापसाच्या गाड्यांची रांग असताना मशीन बंद करतंय कोण? पण नानाजींचं नाव घेतलं आणि एकानंही 'नाही' म्हटलं नाही! एकामागून एक जिन थांबलं. हंगामात खामगाव इतकं गप्प झालं, की बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली. मला रस्त्यातच रडू फुटलं.

घरी पोचलो, तर नानाजी अंथरुणात ताठ उठून बसलेले!

"काऊन बे? कोनाचा पट्टा तुटला?"

"कोणाचाच नाही नानाजी. तुम्हाला झोप लागावी म्हणून बंद केली सगळ्यांनी."

त्यांचे डोळे भरून आले. क्षणभरच. मग भोंगा वाजला, "ऐन हंगामात? माह्यासाठी? चालू कर म्हना साऱ्याईले! अशा सामसुमीत मानसाले झोप येते काय!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी परत पळालो. पुन्हा एकेक जिन धडधडायला लागलं.

परत आलो तेव्हा नानाजी आडवे होते, डोळे मिटलेले. काकू उशाशी, नाडी डॉक्टरांच्या हातात. मी दारातच थबकलो. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात नानाजींचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"एक राह्यलं बे. नाल्याकडचं. पट्टा पाठव."

आणि घोरायला लागले.