निळा चुरा

एमएस्सी झालेली लेक साकीनाक्याच्या एका गाळ्यात कातड्याच्या कचऱ्यात राबते, हे कळलं आणि आप्पांचं डोकंच फिरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी ढोरं ओढणं, कातडी सोलणं कायमचं टाकलं होतं. "आणि तू शिकूनसवरून परत त्यातच? हा पगार झाला की नोकरी सोड," म्हणाले, आणि बोलणं बंद. मला रडूच आलं. मी त्या कामाच्या पार प्रेमात पडले होते हो.

काम असं, की चामडं तासताना जो निळा चुरा पडतो, तो टॅनरीवाले नाल्यात फेकायचे. आम्ही तो ड्रममध्ये गरम पाण्यात घालून त्यावर एन्झाइमची पावडर टाकायचो. चुऱ्यातलं चामडं विरघळलं की ते कमावताना वापरलेलं क्रोम तळाशी बसणार, ते परत टॅनरीला, आणि वरचं पाणी सरस बनवणाऱ्याला. निदान तसं व्हायला हवं होतं, पण अजून एकदाही सगळा चुरा विरघळला नव्हता. एन्झाइम मात्र महा नखरेल, जास्त तापलं की मरतं, गार पडलं की झोपतं.

त्या दुपारी ऐन वेळी हीटर जळाला. "लागली वाट," माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण म्हणाली. मी तडक रिक्षा करून मरोळला चाळीत गेले आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या उचलल्या, पाहुण्यांसाठी राखलेलीसुद्धा. आई दारातून ओरडत राहिली. ड्रमला त्या गुंडाळून वरून सुतळी आवळली, तर ड्रम थेट बाळंतिणीसारखा दिसायला लागला. आम्ही दोघी हसून हसून फरशीवर बसलो.

संध्याकाळी आप्पा गाळ्यात हजर. "घरातल्या गोधड्या कातड्याला? लाज वाटते का गं?"

मी सुतळी सोडून झाकण उचललं. आत चुरा नव्हताच. तळाशी हिरवट गाळ, वर कोऱ्या चहासारखं पाणी. मैत्रिणीने मला धरून अशी गरागरा फिरवली की माझी चप्पल उडाली.

"चामडं कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"विरघळलं, आप्पा."

"सगळं?"

"सगळं."

ते वाकून बघत राहिले. मग हसायला लागले, आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "माझ्या बापाने हे बघायला पाहिजे होतं," म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

बाहेर चहावाल्याने कटिंग पुढे केला, तर त्याने काही विचारायच्या आत त्याला सांगतात, "ही माझी पोरगी. चामड्याचं पाणी करते."