माया नको
शिंपीमामांची ख्याती एकाच गोष्टीची. शाळेच्या गणवेशाच्या शिवणीत ते आतून बोटभर जादा माया ठेवत. पोर वाढलं की शिवण उसवायची, कपडा पुन्हा अंगाला येई.

रेडिओ सकाळपासून तहाच्या थापा मारत होता आणि इकडे मामांच्या मशीनपाशी फौजेच्या शर्टांचं कापड येऊन पडलं होतं. मापं दर खेपेला लहानच होत चाललेली. ही तर शाळेचीच मापं! मामांनी सवयीने माया सोडली.

माल न्यायला आलेला हवालदार खेकसला, "कापड कशाला वाया घालवता, मामा?"

"पोरं आहेत हो. वाढतील."

हवालदाराने नजर चुकवली. "वाढायला वेळ कुठे मिळतोय त्यांना?"

मामांनी कात्री उचलली आणि माया कापून टाकली.