अर्ध्याचं अर्धं

रामटेके बाई गेल्याचं मला माझ्या मुलीकडून कळलं, आणि आधी तेच खुपलं. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. एकाच मिडल स्कूलमध्ये पाचवी ते सातवीच्या पोरांना गणित शिकवण्यात आम्हा दोघींचा जन्म गेला. आणि माझी मंदा राहते कोराडीला, पॉवर हाऊसच्या कॉलनीत. तरी निरोप तिला आधी गेला. पहिल्या बसनं ती आली, थेट तिकडे गेली, आणि माझ्या दारात उभी राहिली ती दुपार कलल्यावर, डोळे सुजवून. ‘आई, बाई गेल्या वं,’ एवढंच म्हणाली. मी तिला पाणी दिलं. पाणी देताना माझ्या मनात काय आलं ते सांगून टाकते… मी गेल्यावर ही इतकी रडेल का?

आता चार महिने होत आले. शोकसभेत सगळे चांगलं बोलले, आणि जे बोलले ते खरंच होतं. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं तर हेवा बाजूला ठेवून लिहिता येणार नाही, कारण मग सांगण्यासारखं फारसं उरतच नाही. शाळेत ‘अ’ तुकडी माझी, ‘ब’ त्यांची. माझं फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, माझ्या वर्गाला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ, सातवीच्या स्कॉलरशिपला पोरं बसायची ती माझी. हेडमास्तर नव्या शिक्षकांना माझा वर्ग दाखवायला आणत. रामटेके बाईंच्या वर्गात नेहमी कलकलाट. चुकलेलं गणित त्या अर्धा तास फळ्यावर तसंच राहू देत आणि पोरांनाच भांडायला लावत. निरीक्षणाला आलेले साहेब नाक मुरडत. पण मधली सुट्टी झाली की पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. माझ्या तुकडीतलीसुद्धा. मी खडूची पेटी आवरत खिडकीतून ते बघत असे.

शिक्षिकेचं मूल तिच्याच तुकडीत नको, असा हेडमास्तरांचा दंडक होता, म्हणून मंदा ‘ब’मध्ये गेली. ती सहावीत असतानाची गोष्ट. संध्याकाळी मी भाजी निवडत होते, ती पाटी घेऊन आली. ‘आई, गुणलं म्हणजे वाढाले पायजे ना? मंग अर्ध्याले अर्ध्यानं गुणलं त कमी काहून होते?’ मी म्हटलं, अंशाले अंशानं गुण, छेदाले छेदानं, तसा नियमच आहे. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नियम सांगितला, जरा आवाज चढवून. ती गप्प बसली. मला वाटलं, समजलं तिला.

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला म्हणून मी दारात आले. ‘ब’ तुकडी भिंतीला पाठ लावून दोन रांगांत बसली होती, आणि मधे एक पांढरं नऊवारी लुगडं ताणलेलं. एक टोक रामटेके बाईंच्या हातात, दुसरं माझ्या मंदाच्या. ‘हे अख्खं,’ बाई म्हणाल्या. ‘आता माह्याकडे ये.’ मंदा चालत गेली, आपली टोकं त्यांच्या हातात दिली, खाली लोंबणारी घडी उचलून मागं सरली. अर्धं. पुन्हा गेली, पुन्हा टोकं दिली. अर्ध्याचं अर्धं. बाईंनी विचारलं, वाढलं का कमी झालं? मंदानं लुगड्याकडं बघितलं, विचार केला आणि म्हणाली, ‘लांबी कमी झाली, पण थर वाढले.’ ‘वाढले ते छेद,’ बाई म्हणाल्या, आणि सगळा व्हरांडा एकदम ‘हो’ म्हणाला. मंदा प्रत्येक घडीला अर्धं अंतर जवळ येत होती. चौथ्या, शेवटच्या घडीला तिचे हात बाईंच्या हातांना लागले. बाईंनी वाकून अगदी हळू विचारलं, ‘किती राह्यलं?’ आमच्या घरी तेव्हाही सासूबाई शेर, पाव, छटाकच बोलत. शेराचा सोळावा हिस्सा म्हणजे छटाक. मंदा म्हणाली, ‘छटाक.’ बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पोर त्यांच्या तोंडाकडं ज्या नजरेनं बघत होती तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी वर्गात परत गेले आणि उगाच एका पोराला अंगठे धरायला लावलं.

तेव्हापासून त्या तिला ‘छटाक’ म्हणत. घरी मी एकदा म्हणून बघितलं, तर मंदा म्हणाली, ‘तू नको म्हणू.’ रविवारी ती त्यांच्या घरी जायची, तिथंच जेवायची. सासूबाईंना ते चालत नसे, घरात कुरबुर व्हायची. मला तिच्या तिथं जेवण्याचं काही नव्हतं. घरी येऊन ‘बाईंची पातोडीभाजी’ असं सुरू करायची, तेव्हा मात्र माझ्या पोटात दुखायचं. ते लुगडं बाईंच्या आईचं होतं, छप्पन साली दीक्षेच्या दिवशी नेसलेलं. मी विचारलं, असं मोलाचं लुगडं पोरांच्या मळक्या हातांत का देता? त्या म्हणाल्या, माझी माय त्या दिवशी म्हणाली होती, आता पोरगी शिकली पाहिजे. मग कपाटात ठेवून काय करू, शिकण्याच्याच कामी येऊ दे.

पुढच्या वर्षी मी माझं एक जुनं पातळ पिशवीत घालून नेलं. सहावी ‘अ’समोर ताणलं, मॉनिटर पोरीला दुसरं टोक दिलं. घड्या अगदी बरोबर झाल्या. पण वर्ग मढ्यासारखा बसून. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाई धुणी आवरून राहिल्या वाटते. मी पातळ गुंडाळून पिशवीत कोंबलं. रामटेके बाई दारातून बघत होत्या हे मला नंतर दिसलं. मला वाटलं, आता टोमणा मारतील. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही काहून चालून राहिल्या बाई? पोरीले येऊ द्या ना.’ खरंच, मी टोक धरून स्वतःच पोरीकडं जात होते, ती बिचारी खांबासारखी उभी होती. चूक दाखवली ती बरोबरच होती, म्हणून तर राग आला. पुन्हा मी वर्गात पातळ नेलं नाही.

मंदानं डी.एड. केलं, कोराडीच्या शाळेत लागली. मी म्हणायची, आईचा वारसा. ती विषय बदलायची. बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी भेटायला गेले. बोलताना धाप लागत होती, तरी पहिलं काय विचारावं? ‘छटाकची सहावी कशी चालली?’ मंदाला यंदा सहावी मिळाली हे मला ठाऊक नव्हतं… मी म्हटलं, चांगली चालली.

बाई गेल्यावर त्यांच्या मुलानं ते लुगडं मंदाला दिलं. आईनं तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. ती ते माझ्याकडे घेऊन आली, मी धुतलं, आणि उन्हात कडक वाळल्यावर आम्ही दोघी अंगणात घडी घालायला उभ्या राहिलो. सवयीनं माझा पाय पुढं पडत होता. पण बाईंचं ‘पोरीले येऊ द्या ना’ आठवलं, आणि मी जागची हलले नाही. मंदा आली, टोकं माझ्या हातात दिली, घडी उचलून मागं गेली. पुन्हा आली. दर खेपेला अर्ध्या अंतरावरून. शेवटी तिचे हात माझ्या हातांना लागले. जन्मभर पोरांना उत्तरं विचारली, पण हा प्रश्न तिला मी कधी विचारला नव्हता. ‘किती राह्यलं?’ मी हळू विचारलं. तिनं वर बघितलं. ‘छटाक,’ म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. रडत होती ती बाईंसाठी, ते मला कळत होतं. पण खांदा माझा होता, आणि मी तो हलू दिला नाही.

लुगडं ती कोराडीला नेणार होती. मी म्हटलं, तिकडे दोरीवर कपडा घातला की संध्याकाळपर्यंत पॉवर हाऊसच्या राखेनं करडा होतो, इथंच राहू दे, लागेल तेव्हा ने. तशी ती नेते, पोरांच्या हातांनी मळलं की धुवायला आणून देते. आजही दोरीवर घातलंय. केव्हाच वाळलं आहे. मी अजून उतरवलेलं नाही… मंदा यायची आहे.